चपट्या मण्याचं खरं माप

गौतम, तुले जाऊन आज नऊ दिवस झाले अन् माहं तुह्यावर जळनं अजून थांबलं नाई. हे पयलेच सांगून टाकतो. नंतर सांगाले लाज वाटन.

कॉलेजात तुही शोकसभा झाली. हॉल भरला, मांगच्या भिंतीले पोट्टे उभे होते. प्रयोगशाळेतला शिपाई गंगाराम, ज्यानं आपल्याले तीन वर्सं शिव्या दिल्या, तो खांबाले डोकं लावून रडला. केमिस्ट्रीच्या बाई रडल्या, ज्याईनं तुले एकदा वर्गातून हाकललं होतं. अन् मी काय करून राह्यलो होतो? मी लोकं पाहून राह्यलो होतो. मनात म्हनत होतो, मी मेलो असतो तं इतले आले असते का बे? गंगाराम रडला असता का? तेवढ्यात आपल्या फिजिक्सच्या सरनं माहं नाव पुकारलं. "मधुकर, तू त्याचा सगळ्यात जवळचा. बोल." मी माइकपाशी गेलो, "तो चांगला होता" म्हनलो अन् खाली येऊन बसलो. जो पोट्टा एस.टी.त शिरपूर ते वाशीम तोंड बंद करत नाई, त्याच्या तोंडून तीन शब्द! साऱ्याईले वाटलं दुःखानं गळा दाटला. दुःख होतंच. पन गळ्यात अजून काहीतरी अटकेल होतं. तेच आता टाइप करून राह्यलो. तुले मालूमच हाय, माहे बोटं माह्या तोंडापेक्षा जोरात पळतात, अन् तोंडापेक्षा खरं बोलतात असं मी आजपावतो समजत होतो.

हे कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून येनार हाय, म्हनून ज्याईले आपलं काम मालूम नाई त्याईच्यासाठी उलसं सांगा लागते. तू आयकून घे, मधात बोलू नको.

सर शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून इकडं शिकवाले आले, तवा त्याईच्या पेटीत तीन गोष्टी होत्या. एक लाल लेझरची नळी, एक काचेच्या पट्ट्यांची डबी, अन् एक रीळ, ज्याच्यावर केसावानी बारीक, मऊ काचेचा दोरा गुंडाळेल होता. फायबर. याच्या एका टोकात उजेड घातला का तो दुसऱ्या टोकातून निंगते, मधात दोरा वाकवला तरी. सर म्हनले, "एक दिवस टेलिफोनवरचं बोलनं यातून जाईन." गंगाराम झाडू मारता मारता म्हने, "मालेगावचा ट्रंककॉल लागाले अर्धा दिवस जाते साहेब, अन् तुमी केसातून बोलता!" तू इतला हासला का सरले बी हासू आलं.

अन् त्या पट्ट्या. शहरातल्या सरच्या मित्रानं पट्टीवर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन त्यात एक बारीक रेघ मोकळी ठेवेल होती. पट्टी वितळेल शोऱ्याच्या क्षारात बुडवली का त्या रेघेपुरती काच बदलते, अन् कातडीखालून शीर जावी तशी काचेखालून उजेडाची एक वाट तयार होते. वेव्हगाईड. त्या वाटेतून उजेड आला अन् समोर आपन फायबर धरलं, तं अर्ध्याच्या वर उजेड मधातच सांडून जाते. आपलं काम इतलंच होतं. त्या सांडनाऱ्या उजेडाले गोळा करून फायबरात घालन असा एक काचेचा मणी, डोळ्याले धड दिसत बी नाई येवढा, नमुना म्हनून करून पाहाचा. शहरात त्याच्यासाठी मशिनी होत्या. आपल्यापाशी स्पिरिटचा दिवा होता.

अन् तू होता.

पयल्या आठवड्यात सरनं करून पाह्यलं, मी करून पाह्यलं. फायबरचं टोक ज्वाळेत धरलं का ते एक तं वाकून जाये नाई तं सारंच वितळून जाये. तू दोन दिवस नुसता पाहत बसला. तिसऱ्या दिवशी घरून एक पितळी नळी घेऊन आला, जुन्या स्टोव्हची, पुढून वाकवेल, टोकाले घासून घासून निमुळती करेल. सोनाराची फुंकनी! तू ते नळकं दातात धरलं, गाल फुगवले, अन् दिव्याची पिवळी ज्वाळा एका बाजूनं आडवी झाली, निळी, सुईवानी. त्या सुईच्या टोकाले तू फायबर एका क्षणापुरतं लावलं. काच पघळली अन् आपोआप गोल झाली. सर खुर्चीवरून उठले. म्हनले, "हे कुठं शिकला?"

तू म्हनला, "शिरपूरले. सोनाराच्या दुकानासमोर."

समोर. त्या शब्दावर मी त्या दिवशी ध्यान नाई देल्लं. देवळाच्या रस्त्यावरचं ते दुकान मले बी मालूम होतं. माह्या आजीच्या पाटल्या तिथंच झाल्या. मी लहान असताना त्या सोनाराच्या गादीवर बसून, त्याच्या गुडघ्याले गुडघा लावून त्याले फुंकताना पाह्यलं हाय. तुले त्यानं कधी आत घेतलं नाई, कायले घेतलं नाई हे आपल्या गावात कोनाले सांगा लागत नाई. तू खालच्या पायरीवर बसून पाह्यलं. गादीवर बसून मी काय शिकलो? सोनार पान कसं खाते हे शिकलो. पायरीवरून तू श्वास शिकला, गालात हवा भरून ठेवाची अन् नाकानं नवी घ्याची, म्हंजे ज्वाळा तुटत नाई. हे मले समजलं तवापासून मी तुह्यावर जळून राह्यलो, गौतम. गरिबावर दया करावी असं घरी शिकवलं होतं. तू तं दया कराले जागाच ठेवली नाई.

मंग आपलं काम ठरून गेलं. तू मणी करे, मी माप घेये अन् टाइप करे. खोलीले काळे पडदे, पंखा बंद, अंगाले घामाच्या धारा. तू सूक्ष्मदर्शकाले डोळा लावून बारीक स्क्रू फिरवे, पट्टी अन् फायबर एका रेषेत आनाले. मी दुसऱ्या टोकाले, उजेडाची वीज करनाऱ्या सेलले जोडेल गॅल्व्हॅनोमीटरच्या काट्यासमोर बसे. जितला उजेड फायबरातून येईन तितली घरं काटा पुढं. तुह्या जागेवरून तुले काटा दिसत नसे. मी ओरडून सांगे, "नऊ घरं! अकरा! अबे मांग आला, नऊ!" अन् तू म्हने, "श्वास घेऊ नको बे, टेबल हालते." मले म्हने, श्वास घेऊ नको!

तुले तो दिवस आठवते का, एक मणी हरपला तो? दोन बोटाएवढा फायबरचा तुकडा, टोकाले मणी, चिमट्यातून सटकला. सर, तू, मी, गंगाराम, चौघं बी गुडघ्यावर, हातात टॉर्च. गंगाराम म्हने, "झाडून घेतो, मंग सुपात पाहा." सर त्याच्यावर असे खेकसले! अर्ध्या घंट्यानं तू माह्या तोंडावर टॉर्च मारला अन् गंभीर होऊन म्हनला, "मधू, हालू नको. बोलू बी नको. तुह्या मिशीत हाय." चिमट्यानं माह्या मिशीतून काढला तू तो. दोन आठवडे मिशी वाढवाले मेहनत केल्ती म्यां, अन् तिचा कामात उपयोग झाला म्हनून तू साऱ्या एस.टी.ले सांगत सुटला. कंडक्टर बी इचारे, "आज काय सापडलं मिशीत?"

अन् आपलं भांडन. ते तं तू अर्धंच सोडून गेला. बनवनारा मोठा का मोजनारा? मी म्हनो, मोजल्याशिवाय तुहा मणी म्हंजे नुसती काच. तू म्हने, "तू काट्याचा पोलीस हायेस बे. चोरी झाली का नाई ते सांगशीन, घर नाई बांधशीन." मी चिडो. तू मंग टिफिन उघडून तिळाची चटनी माह्या पोळीवर ठेवे अन् म्हने, "खाय, पोलीसले बी भूक लागते." चिडेल मानसाले असं खाऊ घालनं हे बी मले जमत नाई. ते बी तुलेच येये.

आता सत्तावीस नंबर.

सारे मणी आपन माचिसच्या डब्ब्यात कापसावर ठेवत होतो, वरतून नंबर. सव्वीस झाले, सारे गोल, सारे वीस घराच्या आसपास. सत्ताविसाच्या टाइमाले तू फुंकून राह्यला होता अन् गंगारामनं दार उघडून "चहा" म्हनलं. ज्वाळा उलशी सरकली. मणी एका बाजूनं बसला, जवसाच्या दान्यावानी चपटा. तू सूक्ष्मदर्शकातून पाह्यलं, म्हनला, "बिघडला." मंग म्हनला, "तरी लावून पाहू. यातून उजेड कसा सांडते ते तं दिसन."

त्या दिवशी सकाळी सरनं भर वर्गात म्हनलं होतं का गौतमच्या हातात जे हाय ते शिकवून येत नाई. अन् हे बी म्हनलं होतं का शहरातले लोकं चांगला नमुना मागून राह्यले, जमला तं बनवनाऱ्याले तिकडं कामाले बोलावतीन. मंग माह्याकडं पाहून म्हनले, "मधुकर, तू तेवढं नीटनेटकं टाइप करून ठेव." नीटनेटकं! सारा वर्ग तुह्याकडं पाहून राह्यला होता. मी वहीत रेघोट्या ओढून राह्यलो होतो.

तू चपटा मणी लावला. फायबर बोटानं हळूहळू फिरवत होता. काटा वीसच्या पुढं गेला. पंचवीस. मी काही बोललो नाई. तीस. तू फिरवून राह्यला होता. चौतीसवर येऊन काटा थांबला, असा थांबला का जसा तिथंच राहाले आला. तुहा आवाज आला, "किती बे?"

मी म्हनलो, "बारा."

खोटं बोलाले मले एक श्वास बी लागला नाई. अन् मंग मी ते टाइप बी केलं. बारा.

तू म्हनला, "बारा? फक्त? मले वाटलं होतं..." अन् चिमटा खाली ठेवला. "फेकून दे मंग." मी फेकला नाई. डब्बी माह्या ट्रंकेत ठेवली. काहून ठेवली? चोर चोरीचं सामान कायले ठेवते मले मालूम नाई. पन ठेवली.

त्याच्यानंतर तीन महिने तू गोल मणी केले. रोज गोल, अजून गोल. डोळे लाल होये तुहे. गोलाई इतली सुंदर का सूक्ष्मदर्शकातून पाहून माह्यासारख्याचं बी तोंड उघडं पडे, अन् काटा तिथंच, वीस, एकवीस. मी रोज पाहत होतो का तू चुकीच्या रस्त्यानं चालला, अन् तो रस्ता म्यांच दाखवेल हाय. रोज ठरवो, आज सांगतो. रोज एस.टी.तून उतरून घरी जाओ. तुमी लोकं हे वाचून मले शिव्या देसान. द्या. पन हे बी आयका, का त्या तीन महिन्यात मले झोप चांगली लागली. तेच जास्ती वाईट वाटते आता.

मंग सरनं गोल मणी अन् माह्या मापाचे कागद शहरात पाठवले, अन् तिकडून त्याईच्या मित्राचं पत्र आलं. दोन ओळी. काम सुबक आहे, पण आमच्या उपयोगाचे नाही. सरनं वाचून दाखवलं अन् चष्मा पुसत बसले. तू हासला. म्हनला, "सुबक तं म्हनलं ना सर." अन् फुंकनी पिशवीत टाकून घरी घेऊन गेला. परत आनली नाई.

मंग कावीळ झाली तुले. मी दवाखान्यात आलो, संत्री घेऊन. तू हळदीवानी पिवळा, खाटेवर असा बारीक झालेला. बोलता बोलता तू म्हनला, "मधू, त्या सत्ताविसाचं मले काही समजलं नाई बे. तू फायबर सेलवरून काढलं तवा त्याच्या टोकाचा उजेड पडद्यावर पडला होता ना, तो मले चांगला जोरदार दिसला. मंग बाराच कसे?" तुही माय बाहेर पानी आनाले गेल्ती. खोलीत आपन दोघंच. याच्यापेक्षा सोपं करून कोनी देल्लं नसतं. मी काय म्हनलो? मी म्हनलो, "आराम कर. डोळे थकले असतीन." तुह्या डोळ्यावर ढकललं म्यां! ज्या डोळ्याले काट्याशिवाय दिसत होतं त्या डोळ्यावर. तू म्हनला, "असन." चौथ्या दिवशी तू गेला.

तुह्या मांगं पाचव्या दिवशी मी ट्रंकेतून डब्बी काढून सरच्या घरी गेलो. सारं सांगतलं. सर उठले. चप्पल घातली, कॉलेजात आले, पडदे ओढले. स्क्रू फिरवाले मले बसवलं, काट्यासमोर स्वतः बसले. मले तुह्यासारखं जमत नाई, दोन घंटे लागले, तीनदा पट्टी हालली. मंग अंधारातून सरचा आवाज आला, "चौतीस." थोड्या वेळानं परत, हळू, "चौतीस."

पडदा उघडून त्याईनं फळ्यावर खडूनं दाखवलं. वाट आडवी पसरट हाय, म्हनून तिच्यातून निंगनारा उजेड लंबुळका असते. गोल मण्यात तो नीट गोळा होत नाई. चपट्यात होते. म्हंजे बिघडला म्हनून जो तू फेकाले सांगतला, तोच पाह्यजे होता. शहरातले बी गोलच मागत होते. फळ्यावर ते चित्र काढता काढता सरचा खडू तुटला. म्हनले, "त्यानं एका महिन्यात पन्नास चपटे करून दाखवले असते रे." मी म्हनलो, "हो सर." ते म्हनले, "तू मले सर म्हनू नको आज."

सातव्या दिवशी तुह्या घरी गेलो. तुही माय ओट्यावर तूर निवडून राह्यली होती. म्यां सारं सांगतलं, काटा अन् मणी अन् नंबर, तिले समजन असं. तिनं मधात एकदा बी टोकलं नाई. मंग इचारलं, "म्हंजे त्याचं बरोबर होतं?"

"हो मावशी."

"अन् तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग त्याले काहून नाई सांगतलं रे बाबू? त्या पत्रानंतर चार दिवस जेवला नोता तो. इचारलं तं म्हने, माये, माहे डोयेच खराब झाले."

मी म्हनलो, "जळत होतो मावशी त्याच्यावर."

ती सुपातले खडे काढत राह्यली. मले वाटलं मारन. मारलं असतं तं बरं झालं असतं. मंग म्हने, "हे अजून कोनाले सांगतलं?"

"सरले. आता तुमाले."

"बाकीच्याईले?"

"नाई."

"मंग मले सांगून काय करू मी? साऱ्या कॉलेजात त्याचं काम फसलं असंच समजतेत ना? त्याईले सांग. सांगून झालं का मंग ये." अन् सूप घेऊन आत निंगून गेली.

म्हनून हे. अंकाचा संपादक आपल्याच वर्गातला प्रकाश. इथपावतो लिहेल त्यानं सकाळी वाचलं, म्हने, "मधू, हा मधातला भाग काढून टाक. श्रद्धांजलीत असं शोभत नाई. तुही बी बदनामी, अन् अंक घरोघरी जाते." म्यां म्हनलं, "मधातला भाग काढला तं बाकी काय राह्यते बे? मिशी?" तो म्हने, "मिशीचं चांगलं हाय." तुले हे आयकून किती हासू आलं असतं. मी म्हनलो, छापाचं तं सारं छाप, नाई तं कागद वापस दे, मी स्टेन्सिल कापून प्रती काढतो अन् नोटीस बोर्डावर लावतो. छापतो म्हनला.

तुले राग आला असता का, हे मले समजत नाई. तू चिडल्यावर मानसाले चटनी खाऊ घाले, म्हनून मी सोपं समजून राह्यलो होतो. पन हे तशा चिडन्यातलं नाई. कदाचित तू माह्याकडं पाह्यलं बी नसतं.  अन् तरी सांगतो, तू मले काय काय देऊन गेला ते बी माह्यापाशीच हाय. फायबर तोडाचं नसते, उलसा चरा देऊन ओढाचं असते, हे तू माह्या हातावर हात ठेवून शिकवलं. काल मी ओढलं. टोक आरशावानी साफ आलं. दाखवाले मांग वळलो तं मांग गंगाराम उभा. तो म्हने, "बरं हाय," अन् डोळे पुसत निंगून गेला.

आज सरनं सत्तावीस नंबर शहरात पाठवला. सोबतची चिठ्ठी टाइप कराले मलेच बसवलं. ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. नमुना क्रमांक. माप, चौतीस घरे. आधी कळवलेले माप खोटे होते, अन् ते कोनी खोटं लिहिलं, त्याचं पूर्ण नाव. तिथपावतो बोटं पळत होते. मंग पुढची ओळ आली, बनवणाऱ्याचे नाव. अन् गौतम, तुह्या नावाचं पयलं अक्षर दाबताना माह्या छातीत तेच झालं जे त्या दिवशी काट्यासमोर झालं होतं. तशीच आग. मेलेल्या मानसावर! सरनं इचारलं, "काय झालं?" मी म्हनलो, "काही नाई." मंग एकेक अक्षर पाहून टाइप केलं. तुहं नाव, बापाचं नाव, आडनाव, मुक्काम शिरपूर. कागद काढून खिडकीपाशी नेला अन् सरच्या हातात द्याच्या अगुदर एकदा वाचला.

बरोबर होतं.